पान ४१, वारा चुकलाय

हर्णैत, बर्फाच्या कारखान्यावरती आमचं वाचनालय.
खाली लाद्या फुटतात, वर कपाटं थरथरतात,
आणि डांबराच्या गोळ्यांनाही इथे
बांगड्याचा वास लागतो.

हाजरा नाखवा, इयत्ता सहावी,
वर्गणीदार क्रमांक दोनशे सात.
आडनाव नाखवा, पण बोट दुसऱ्याची;
बाप तिच्यावर तांडेल.
बालविभागाची दोन्ही कपाटं तिनं गणपतीच्या आत संपवली.
वाळवीनंही एवढी घाई केली नव्हती.

"मॅडम, साहसाचं द्या. जादूचं असलं तरी चालेल.
पण शेवटी सगळं स्वप्नच होतं असं निघालं
तर मी परत करणार."
"परत तर करावंच लागतं," मी म्हटलं.
"रागानं परत करणार."

अनुदानातले नऊशे रुपये उरले होते.
केळसकर सरांचं म्हणणं, काहीतरी संस्कारक्षम घ्या,
राक्षस-बिक्षस कशाला?
मी यादीत सर्वांत वर थोरांची चरित्रं लिहिली
आणि त्यांच्या सावलीत, बारीक अक्षरात,
एक चेटकीण, दोन बेटं, एक उडणारं गलबत.

पार्सल दापोलीहून एस.टी.नं आलं.
रात्री मी एकेक पुस्तक शेवटाकडून चाळलं,
म्हावरं घेताना कल्ला उचलून बघतात तसं.
पोर घरी पोचतं ना?
कुणाचा बाप मरत तर नाही?
एक मरत होता.
ते पुस्तक मी मागच्या फळीवर दडवलं.

गलबताचं तिनं दोन दिवसांत परत आणलं.
चेहरा असा, की लिलावात कुणी
शिळं पापलेट ताजं म्हणून खपवू पाहिलंय.
"याला समुद्र माहीत नाही."
"अगं, त्यात गलबत उडतं!"
"उडू दे की. ड्रॅगन ओढतोय, तर उडणारच.
पण त्याला बांधलाय कसा ते बघा.
ही गाठ पहिल्याच हिसक्याला सुटेल."
मी बघितलं.
चित्रकारानं बुटाची नाडी बांधली होती.

ऑक्टोबरात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला.
बोटी अंजर्ल्याच्या खाडीत शिरल्या.
मोजल्या. चार कमी.
हाजरा आली. यादीकडे बघितलंच नाही.
"सगळ्यात जाड कुठलं?"
चेटकिणीचं होतं, चारशे बारा पानं.
शेवट मला पाठ होता,
तरी देण्याआधी पुन्हा उघडायला गेले.
"सांगू नका," ती म्हणाली,
आणि खिडकीकडे पाठ करून बसली.

खिडकीत सुवर्णदुर्ग होता,
मग नव्हता,
मग परत होता.
बंद करायची वेळ टळून गेली.
मी किल्ल्या वाजवल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशीही ती तिथंच,
डब्यातली भाकरी तशीच,
पान मात्र उलटत होतं, ओठ हलत होते.
संध्याकाळी खालून बर्फवाल्यानं हाक दिली:
चारही जयगडला आहेत! फोन आला!
ती पान तीनशे अठ्ठ्याण्णववर होती.
उठली नाही.
"थांबा," म्हणाली,
आणि उरलेली चौदा पानं वाचून काढली.

नंतर चार दिवस ती फिरकली नाही.

काल फळ्या पुसताना गलबत हाताला लागलं.
पान एक्केचाळीस, समासात, पेन्सिलीनं:
वारा चुकलाय. पहाटे तो जमिनीवरून येतो.
मतलई म्हणतात.
अब्बांचे अब्बा शिडानं असेच जायचे.

पुस्तकात लिहिल्यास दंड रुपये पाच,
दारावर माझ्याच अक्षरात लावलंय.
खोडरबर शोधलं. सापडलं.
परत खणात टाकलं.

मागच्या फळीवरचं ते पुस्तक
आज टेबलावर आणून ठेवलंय.
तिला द्यायचं की नाही, अजून ठरत नाही.
सध्या फक्त
त्यातल्या गाठी तपासतेय.